काळी कधी बसत नाही

भाच्याला गंगापुरात घर घ्यायचं आहे. नोकरी वाळूजच्या कारखान्यात, भाड्याच्या दोन खोल्यांत संसार, मुलगी यंदा पहिलीत जाईल. वैजापूर रस्त्याच्या बाजूला एका जुन्या लेआउटात बैठं घर विकायला निघालं आहे. दोन बेडरूम, पुढं ओटा, मागं न्हाणी आणि कडुलिंबाचं झाड. भाव शेजारच्या घरांपेक्षा पाच लाखांनी कमी. कमी का, ते मालकानं आपणहून सांगितलं. २०१५-१६ च्या दुष्काळात घराची मागची बाजू खचली होती. नंतर काम करून घेतलं. "आता बसायचं ते बसलं."

हे वाक्य गेले चार महिने मी ऐकतो आहे. मालक म्हणाला, दलाल म्हणाला, रंगारी म्हणाला. दाजी तर रोज म्हणतात. आमच्या घरात मी एकटाच इसार देऊ नको म्हणणारा असल्यामुळे मला ते जास्तच ऐकावं लागतं. तीस वर्षं मी बांधकामांवर सुपरवायझर म्हणून मोजमापं लिहिली. पायाचे खड्डे उघडे असताना पाहिले आणि त्यावर उभी राहिलेली घरं दहा वर्षांनी कशी झाली तेही पाहिलं. म्हणून हे वाक्य मला मुकाट्यानं सोडून देता येत नाही. त्याच्या भरवशावर आपल्या भागातली साधी माणसं आयुष्यभराची कमाई घालतात.

आधी त्यांचं म्हणणं नीट मांडतो. घर बांधलं की जमिनीवर भार पडतो. भारानं माती दबते, घर थोडं खाली बसतं, भिंतीला तडे जातात. दबायची तेवढी दबली की माती थांबते. म्हणजे नवं घर ही झाकली मूठ, आणि खचून गेलेलं घर हे पारखलेलं घर. त्याचं जे व्हायचं ते होऊन गेलं. वर ते पाच लाखांनी स्वस्त. तडे काय, गंगापुरात कुणाच्या घराला नाहीत? पुट्टी भरा, रंग द्या, राहायला जा. दाजी यात भर घालतात, "दहा वर्षांत पडलं का ते? मग आताच पडणार आहे का?"

ऐकायला बिनतोड वाटतं. पण यात एक गोष्ट कुणी विचारलेलीच नाही. माती कोणती?

दाजींनी चाळीस वर्षं काळ्या रानात कापूस केला. वैशाखात त्यांच्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मृगाचा, आर्द्राचा पाऊस झाला की त्याच भेगा मिटतात, रान फुगून वर येतं, पाय रुततो. पुढच्या वैशाखात पुन्हा भेगा. मी त्यांना विचारलं, "दाजी, मागच्या वर्षी भेग पडून गेली म्हणून यंदा रान फाटायचं थांबलं का कधी?" ते म्हणाले, "ते रान आहे, हे घर आहे." पण घराखाली दुसरी माती कुणी आणून टाकली? लेआउट पडण्याआधी त्या प्लॉटवर कापूसच होता. नकाशा मंजूर झाला, रस्ते आखले, बिगरशेतीचा आदेश निघाला. कागदावर शेतीचं बिगरशेती झालं. माती होती तीच राहिली.

ही माती दख्खनच्या काळ्या पाषाणाची झीज आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले, त्यांचा पाषाण झाला, आणि तो झिजून जी माती झाली तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. त्याचे कण कागदाच्या गठ्ठ्यासारखे पापुद्र्यांचे. पाणी मिळालं की ते पापुद्र्यांच्या मध्ये शिरतं आणि कण फुगतो. पाणी उडालं की आकसतो. भार टाकून हे कायमचं मिटवता येत नाही. बैठ्या घराचा भार तर फारच थोडा. ओली काळी अशा घराला सहज उचलते. दर वर्षी उचलते, दर वर्षी सोडते. ज्याला लोक 'खचलं' म्हणतात तो या चक्राचा फक्त उन्हाळ्यातला अर्धा भाग आहे.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. मी भाच्यालाही तेच सांगितलं आणि त्याच्यासमोर करून दाखवलं. मागच्या भिंतीलगत दोन फूट खोलीवरची माती घेतली, वाळवली, कुटली, बारीक चाळणीतून गाळली. एका शिक्षकांकडून शंभर मिलीलीटरच्या दोन मोजनळ्या आणल्या. दोन्हींत दहा-दहा ग्रॅम माती. एकीत रॉकेल, जे हल्ली मिळवायलाच दोन दिवस लागतात, आणि दुसरीत बॅटरीचं पाणी. हलवून चोवीस तास ठेवलं. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते, म्हणून हा मेळ. मातीच्या प्रयोगशाळेतही हीच चाचणी होते, तिथं जास्त काटेकोर. दुसऱ्या दिवशी सकाळी रॉकेलमधली माती ११ च्या रेघेवर होती आणि पाण्यातली २० वर. जवळजवळ दुप्पट. भाचा ती नळी कितीतरी वेळ उजेडात धरून बघत होता.

'बसायचं ते बसलं' हे एका ठिकाणी खरं ठरू शकतं, तेवढं मान्य करतो. जुनी विहीर बुजवून किंवा खदान भरून प्लॉट केला असेल तर तो भराव काही वर्षं दबतो आणि मग बराचसा थांबतो. तिथंही भराव कशाचा होता आणि धुम्मस केला होता का, ते विचारावंच लागतं. आणि जमिनीखाली खरी पोकळी असेल तर वर्षं मोजून काहीच कळत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसच्या आमराई वॉर्डात २६ ऑगस्ट २०२२ रोजी एक नांदतं घर बघता बघता जमिनीत गेलं. ती वस्ती जुन्या कोळसा खाणीच्या परिसरातली. त्या घरात माणसं राहत होती. 'इतकी वर्षं पडलं नाही' याला पुरावा म्हणायचं असेल तर तो पुरावा त्यांच्याकडेही होता. आपल्या काळीत घर असं गडप होत नाही. ती हळूहळू हलवते. म्हणूनच तिच्याबद्दल बेफिकिरी वाढते.

आता ते घर बघा, जसं मी पहिल्यांदा फेब्रुवारीत पाहिलं.

रंग फक्त मागच्या बेडरूमला नवा होता. बाकी घराला जुनाच, खिडकीखाली हातांचे डाग असलेला. नवा रंग एकाच खोलीला का? त्या खोलीच्या दाराचा खालचा काठ वाकून पाहिला. बिजागरीकडं फळी पूर्ण होती आणि कडीकडं जवळजवळ बोटभर रंधून काढलेली. रंध्याच्या खुणा ताज्या, लाकूड पांढरं. दार फरशीला घासत होतं म्हणून कापलं होतं. पण दार वाढत नाही, फरशी वर येते. एका रांगेतल्या पाच फरशा बाकीच्यांपेक्षा किंचित वेगळ्या छटेच्या. आणि खिडकीच्या वरच्या कोपऱ्याशी कालदर्शिका टांगलेली. कालदर्शिका कुणी खिडकीच्या कोपऱ्याला टांगतं? ती उचलली. खाली तिरकी चीर, कोपऱ्यातून निघून छताकडं गेलेली, वर रुंद आणि खाली बारीक. एक रुपयाचं नाणं तिच्यात उभं शिरलं.

'भेगा सगळ्याच घरांना असतात' म्हणणारे इथं सगळ्या भेगा एका मापानं मोजतात. गिलाव्यावर जाळीसारख्या पडलेल्या केसाएवढ्या रेषा म्हणजे घाईनं वाळलेलं सिमेंट. त्यांच्यावर रात्रीची झोप घालवू नये. कॉलम आणि विटांच्या सांध्यातली सरळ उभी रेघही बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. पण खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून निघणारी तिरकी चीर, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला बारीक, ही पायाची तक्रार असते. भिंतीचा एक भाग दुसऱ्यापासून फिरतो आहे असं ती सांगते. दोन्हींना 'तडा' हा एकच शब्द लावायचा आणि मग तडे सगळ्यांनाच असतात म्हणायचं, ही गल्लत आहे. ताप सगळ्यांना येतो म्हणून टायफॉइडकडं कुणी दुर्लक्ष करतं का?

मालकानं 'काम करून घेतलं' होतं. कोणतं काम? चिरेत सिमेंट भरलं, जाळी मारली, पुट्टी लावली. तेही उन्हाळ्यात, चीर पूर्ण उघडी असताना. पावसाळ्यात माती फुगून भिंत परत मिटायला येते तेव्हा त्या जागी सिमेंटची पाचर बसलेली असते. भिंतीला मिटायला जागा उरत नाही. मग ती शेजारी फुटते. अशी दुरुस्ती न केलेली बरी. जमिनीखाली बोटभरही काम झालं नव्हतं. न्हाणीचं सांडपाणी भिंतीपासून चार फुटांवरच्या शोषखड्ड्यात मुरत होतं, म्हणजे मागची एक बाजू बारा महिने ओली. आणि तिच्याच दुसऱ्या टोकाला कडुलिंब, जो उन्हाळ्यात मुळांनी खोलवरचं पाणी ओढतो. एक टोक फुगलेलं, दुसरं आकसलेलं, मधल्या भिंतीनं करायचं काय?

पुढचा आधार आरसीसीचा. कॉलम-बीमचं घर आहे, दगड-मातीचं नाही, त्याला काय होतंय? ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात जड माळवदं आणि जाड दगडी भिंती माणसांवर कोसळल्या. तेव्हापासून मराठवाड्यात 'आरसीसी' हा शब्द अभयवचनासारखा वापरला जातो. त्यामागची भीती मी समजू शकतो, ती आमच्या पिढीनं पाहिलेली आहे. पण कॉलम शेवटी कशावर तरी उभाच असतो. त्याचं फुटिंग तीन फुटांवर काळीतच सोडलं असेल तर काळी हलते तेव्हा कॉलमही हलतो. एक कॉलम अर्धा इंच वर आणि शेजारचा जागेवर, एवढं झालं तरी मधली भिंत फाटते. आणि आतल्या चार इंची भिंती तर कित्येकदा नुसत्या भरावावर, फरशीच्या कोब्यावर उभ्या केलेल्या असतात. फरशी उचलली की त्या उचलल्या.

यावर उपाय नाही असं नाही, आणि तो आपल्याच देशात काढलेला आहे. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं अशा मातीसाठी तळाशी कांद्यासारखे फुगीर असणारे पाइल विकसित केले. हलत्या थराच्या खाली जाऊन ते घराला धरून ठेवतात. त्यांच्या भारतीय मानकात, आय.एस. २९११ च्या तिसऱ्या भागात, खोल फुगणाऱ्या मातीत अशा पाइलची लांबी किमान साडेतीन मीटर सांगितली आहे. म्हणजे साडेअकरा फूट. मुंबई आयआयटीचे प्रा. आर. के. कट्टी यांनी काळीच्या वर न फुगणाऱ्या चिकट मुरमासारख्या मातीचा दाबून भरलेला थर देऊन तिची उचल कशी रोखता येते ते दाखवलं. कालव्यांच्या कामांत ती पद्धत वापरली गेली. मुरूम जवळ असेल तर साधी गोष्ट म्हणजे पाया मुरमापर्यंत नेणं. ही माहिती गुप्त नाही. आमच्याकडचा जुना गवंडीसुद्धा 'मुरूम लागला का?' विचारल्याशिवाय पायाचा दगड ठेवत नसे.

त्याच्याही आधीच्या लोकांना तर हे भाषेतच माहीत होतं. गावाचे दोन भाग, काळी आणि पांढरी. काळी पिकवायची, पांढरीवर राहायचं. गढ्या पांढरीवर उभ्या राहिल्या आणि माळवदावरही पांढरी मातीच अंथरली गेली, कारण ती काळीसारखी फुगत नाही आणि फाटत नाही. काळीला आई म्हणणाऱ्या माणसांनी तिच्या छातीवर घर बांधलं नाही. आपण गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत हा भेद पुसला. नाथसागराच्या पाण्यानं गोदाकाठची गावं उठवली, जुनं कायगाव आणि नवं कायगाव झालं. वाळूजची एमआयडीसी आली, माणसं वाढली, गावठाणं पुरेनात. काळीवर घर बांधावं लागलं याचा दोष मी कुणाला देत नाही. पण काळीवर घर बांधायचं आणि पाया मात्र पांढरीच्या सवयीनं तीन फूट घ्यायचा, आणि भिंत फाटली की 'बसायचं ते बसलं' म्हणायचं, याचा दोष द्यायलाच हवा.

'बँकेनं कर्ज द्यायची तयारी दाखवली आहे, म्हणजे घर चांगलं असणारच.' हे दलालाचं. बँकेचा वकील सर्च रिपोर्ट काढतो, तो मालकी हक्काचा. बँकेचा मूल्यमापक येतो, फीत लावतो, फोटो काढतो, बाजारभाव लिहितो. फुटिंग किती खोल आहे हे त्यानं बघितल्याचं मी तीस वर्षांत पाहिलं नाही. बँकेला तिचं कर्ज सुरक्षित हवं आहे, आणि ते तुमच्या पगारातून सुरक्षित आहे.

'विमा काढू.' जरूर काढावा. १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही सगळ्या कंपन्यांची एकसारखी पॉलिसी आहे आणि तिच्यात जमीन खचण्याचा धोका धरलेला आहे. पण खालच्या ओळीही वाचा. नव्या बांधकामाचं नेहमीचं बसणं, नेहमीचे तडे, भरावाची हालचाल आणि सदोष रचना किंवा बांधकाम यांतून झालेलं नुकसान ती वगळते. काळीत तीन फुटांवर ठेवलेला पाया यांपैकी कशात बसवला जाईल, ते तुम्हीच ठरवा.

कायदा मात्र थोडा आपल्या बाजूनं आहे आणि तो कुणी वापरत नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं ५५ वं कलम सांगतं की मालकाला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला नेहमीच्या काळजीनं न दिसणारा महत्त्वाचा दोष मालकानं सांगितलाच पाहिजे. रेरा कायद्यात बांधकामाच्या रचनेतल्या दोषाची जबाबदारी ताबा दिल्यापासून पाच वर्षं बिल्डरवर आहे. पण आठ घरांपर्यंतच्या किंवा पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या प्रकल्पांना नोंदणीच लागत नाही, आणि आपल्या तालुक्यातली कितीतरी घरं अशीच एकेकटी उभी राहिलेली. म्हणून जुनं घर घेताना ५५ व्या कलमाचाच आधार. खचल्याचा, दुरुस्तीचा इतिहास मालकाकडून लेखी घ्या आणि खरेदीखतात घाला. 'जसं आहे तसं' या तीन शब्दांवर सही करून बाहेर पडू नका.

बाहेरच्या जगात हा प्रश्न चेष्टेवारी नेत नाहीत. ब्रिटनमध्ये १९७१ पासून घराच्या विम्यात खचण्याचा धोका धरू लागले. १९७६ च्या दुष्काळात तिथली चिकणमाती आकसली आणि दाव्यांची रीघ लागली. फ्रान्सनं २०१८ च्या कायद्यानं असा नियम केला की फुगणाऱ्या मातीच्या पट्ट्यात घरासाठी रिकामा प्लॉट विकायचा असेल तर विकणाऱ्यानं मातीचा अभ्यास करून अहवाल द्यायचा. आपल्याकडं सातबारा मागतात, आठ-अ मागतात, रहिवासी दाखला मागतात. मातीचा कागद कुणीच मागत नाही.

वास्तुशांत करून घ्या, असंही एक मत घरात आहे. बहिणीनं सांगितलं तर भाचा करेल, मीही पंगतीला बसेन. शोषखड्डा तेवढा त्याआधी हलवावा.

राहता राहिले पाच लाख. हे पाच लाख म्हणजे बचत आहे असं दाजी धरून चालले आहेत. पाया उघडून खाली न्यायचा, घराभोवती उताराची फरसबंदी करायची, सांडपाणी लांब न्यायचं, मागची भिंत पाडून नव्यानं बांधायची, तेवढे महिने दुसरीकडं भाडं भरायचं. याचा हिशेब कुणी मांडला का? मांडून झाल्यावर सौदा परवडत असेल तर घ्यावं की. ज्या घराचं कारण सापडलं आहे, थांबवलं आहे, आणि त्यानंतर एक उन्हाळा व एक पावसाळा चीर हललेली नाही, ते घर मी स्वतः घेईन. खचलेलं घर विटाळलेलं नसतं. माझा विरोध घराला नाही. कारण न शोधता, ऋतू न बघता, एका दुपारच्या भेटीवर इसार द्यायला आहे. काळीवरच्या घराची परीक्षा वैशाखात एकदा आणि भाद्रपदात एकदा, अशीच होते. ज्याला विकायची घाई आहे त्यानं ही परीक्षा करू द्यावी. करू देत नसेल तर त्याला उत्तर माहीत आहे.

फेब्रुवारीत मी त्या चिरेवर काचेच्या तीन पातळ पट्ट्या आडव्या चिकटवल्या, दोन्ही टोकांना सिमेंट लावून, शेजारी पेन्सिलीनं तारीख लिहून. मालकानं नाही म्हटलं नाही, याचा मान राखायला हवा. एप्रिलच्या शेवटी वरची पट्टी तडकली. मेच्या दुसऱ्या आठवड्यात मधली. खालची अजून शाबूत आहे. दहा वर्षांपूर्वी बसून गेलेल्या घरानं तीन महिन्यांत दोन काचा फोडल्या. मी दाजींना तिथं घेऊन गेलो. ते काही बोलले नाहीत. बोटानं काचेची धार चाचपून पाहिली आणि मग बाहेर जाऊन कडुलिंबाखाली उभे राहिले.

त्याच दिवशी मालकाच्या परवानगीनं मागच्या कोपऱ्यात खड्डा घेतला. फुटिंगचा तळ तीन फूट दोन इंचांवर लागला. त्याखाली पहार मारली. दाजींनीच मारली. दोन फूट आत गेली तरी काळीच, ओलसर, पहारेला चिकटून वर येणारी. मुरूम लागला नाही.

भाच्यानं मालकाला निरोप दिला आहे की पोळ्यानंतर बोलू. खड्डा पत्र्यानं झाकून ठेवला आहे. चिरेवर फुटलेल्या दोन काचांच्या जागी नव्या लावल्या, तारखेसह. यावेळी पेन्सिल दाजींच्या हातात होती.